जादू चालेल, लबाडी नको: थोड्या रहस्यकथा आणि थोडी फँटसी

आमच्या ओळखीत वाचणाऱ्यांच्या सरळ दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी फक्त रहस्यकथा वाचते आणि फँटसी म्हटलं की "ते ड्रॅगन-बिगन पोरांना द्या" म्हणून नाक मुरडते, आणि दुसरी पार्टी म्हणते की खुनी कोण ते एकदा कळलं की पुस्तक रद्दीत, त्यापेक्षा दहा भागांची फँटसी घ्यावी, वर्षभराची सोय होते. मी दोन्हीकडे जेवते. आणि खरं सांगायचं तर मला या दोन प्रकारांत फारसा फरकच वाटत नाही, कारण दोन्हीकडे मी एकच गोष्ट तपासते, ती म्हणजे लेखकाने सुरुवातीला जे नियम घातले ते शेवटच्या पानापर्यंत पाळलेत का. जादू असू दे, भूत असू दे, माणसाच्या पोटातून झाड उगवू दे (आहे असं पुस्तक, पुढे सांगते), पण शेवटी अडकल्यावर खिशातून नवीनच काहीतरी काढून सुटका करून घेतली असेल तर ते पुस्तक माझ्याकडून कुणाला जात नाही.

हे काही माझं एकटीचं खूळ नाहीये. रोनाल्ड नॉक्स म्हणून एक इंग्रज कॅथलिक धर्मगुरू होते, ते स्वतः डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहायचे, त्यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम लिहून काढले. त्यात भूतखेत-चमत्कार एकदम बंद, गुप्त खोली किंवा भुयार जास्तीत जास्त एक, गुन्हेगार गोष्टीत लवकर भेटलाच पाहिजे, आणि डिटेक्टिव्हला जो धागा सापडेल तो त्याने लगेच वाचकासमोर ठेवायचा. आता बघा, चमत्कारावर बंदी घालणाऱ्या या माणसाचं म्हणणं आणि ब्रँडन सँडरसन या आजच्या फँटसीवाल्याचं म्हणणं शेवटी एकाच जागी येतं. सँडरसनने २००७ मध्ये लिहिलं की जादूने अडचण सोडवायची असेल तर ती जादू वाचकाला आधी नीट कळलेली पाहिजे, जितकी कळली असेल तितकीच वापरता येते. म्हणजे पत्ते आधी टेबलावर ठेवा, मग खेळा.

तर याच मापाने खालची पुस्तकं. शेवट कुठल्याच पुस्तकाचा फोडलेला नाही, निर्धास्त वाचा.

सगळ्यात आधी केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. जपानीत २००५ मध्ये आलं, तिकडचं मानाचं नाओकी पारितोषिक मिळालं, २०११ मध्ये इंग्रजीत आलं. टोकियोतली यासुको एका डब्याच्या दुकानात काम करते, मुलीबरोबर राहते, तिचा आधीचा नवरा पैसे उकळायला घरी येतो आणि तिथेच मारला जातो. कुणी मारला, कसा मारला, सगळं आपल्याला अगदी सुरुवातीलाच दिसतं. शेजारी इशिगामी नावाचा गणिताचा मास्तर राहतो, गप्प गप्प, गोल चेहऱ्याचा, तो दार वाजवतो आणि म्हणतो की मी सांगतो तसं करा. बस. इथून पुढे पोलिस येतात, चौकशा होतात, आणि आपल्याला वाटत राहतं की आपल्याला तर सगळंच माहितीये, आता फक्त हे पकडले जातात का एवढंच बघायचंय. आणि तिथेच हा लेखक आपल्याला गंडवतो, पण गंडवतो म्हणजे खोटं बोलून नाही हं, एक ओळही खोटी नाही. पुस्तक संपलं की लगेच पहिलं प्रकरण परत उघडा, इशिगामी सकाळी सुमिदा नदीच्या काठाने शाळेत चाललेला असतो ते. काय बघायचं ते मी सांगणार नाही. मी रात्री एक वाजता परत उघडलं आणि नवऱ्याला उठवून सांगायची फार इच्छा झाली होती, पण त्याने ते वाचलं नव्हतं म्हणून गप्प बसले.

जपानमध्ये यावर वादही झाला होता म्हणे, की खरंच हे पुस्तक वाचकाशी शंभर टक्के प्रामाणिक आहे का. मी आहे म्हणणाऱ्यांच्या बाजूने. एक तक्रार मात्र आहे, यासुको हे पात्र जरा कच्चं राहिलंय, तिला स्वतःचं असं डोकं लेखकाने फार दिलेलं नाही, सगळी बुद्धी दोन पुरुषांकडे, एक इशिगामी आणि दुसरा त्याचा कॉलेजचा मित्र युकावा, तो फिजिक्सवाला. यावरचा 'जाने जान' हा हिंदी पिक्चर २०२३ मध्ये आला, त्यात सगळं कालिम्पाँगला नेलंय, तो बघितला असेल तरी पुस्तक वाचा, कारण पुस्तकातला बुद्धिबळाचा डाव खूप जास्त थंड डोक्याने मांडलाय.

जपानचाच विषय निघालाय तर सेइशी योकोमिझोचं 'द होन्जिन मर्डर्स' पण सांगून टाकते. १९४६ चं, इंग्रजीत यायला २०१९ उजाडलं. लग्नाची पहिली रात्र, खानदानी घर, बाहेर बर्फ, आतून बंद खोली, मध्यरात्री कोतो या तंतुवाद्याचा विचित्र आवाज, आणि सकाळी नवरा-नवरी दोघंही रक्तात, तलवार बाहेर बर्फात रोवलेली आणि आसपास पावलांचा ठसा नाही. डिटेक्टिव्ह किंदाइची, केस विस्कटलेले, विचार करताना डोकं खाजवणारा, बोलताना अडखळणारा. कोडं पहिल्या दर्जाचं आहे, पण खुनाचं कारण वाचून आजच्या बाईमाणसाच्या अंगाची लाहीलाही होते, तेवढी तयारी ठेवा. जेमतेम दोनशे पानांचं, शनिवार-रविवारात संपतं.

आता फँटसीवाल्या पार्टीकडे. सुझाना क्लार्कचं 'पिरानेसी' (२०२०) मी आत्तापर्यंत ज्यांना ज्यांना दिलं त्यातल्या निम्म्यांनी तीस पानांवर "हे काय चाललंय" असा मेसेज केला आणि नंतर त्यातल्याच बहुतेकांनी दोन दिवसांत संपवलं. एक घर आहे, त्याला अंत नाही, दालनांमागून दालनं, सगळीकडे संगमरवरी पुतळे, खालच्या मजल्यावर समुद्र, त्याला भरती-ओहोटी, वरच्या मजल्यावर ढग. तिथे आपला नायक राहतो, मासे पकडतो, समुद्री शेवाळाचं सूप करून पितो आणि रोजनिशी लिहितो. रोजनिशी पण कशी, तर नंबर घातलेल्या वह्या, त्यांची अक्षरवार सूची, आणि वर्षांना आकडे नाहीत, नैऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला ते वर्ष, अशी नावं. त्याच्या मते जगात आजवर फक्त पंधरा माणसं झाली, त्यातली तेरा मेलेली, त्यांच्या हाडांची तो नियमाने काळजी घेतो, फुलं वाहतो. जिवंत दुसरा माणूस एकच, तो मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर भेटायला येतो, अंगात झकास सूट, हातात काहीतरी चकाकणारी वस्तू. आपल्याला ती वस्तू काय ते लगेच कळतं, आणि नायकाला कळत नाही. इथून माझ्यातली रहस्यकथावाली जागी झाली.

कारण मग तो आपल्याच जुन्या वह्या काढून बघतो आणि त्यात त्याच्याच अक्षरात अशा नोंदी सापडतात ज्या लिहिल्याचं त्याला आठवत नाही. आणि काही पानं फाडलेली. सूचीत विषय आहे आणि पान नाही. अहो, यापेक्षा चांगला क्लू अख्ख्या क्राइम फिक्शनमध्ये किती वेळा सापडतो? पुढचा सगळा तपास तो स्वतःच्या अक्षराचा पुरावा घेऊन स्वतःवरच करतो. क्लार्कबाईंचं आधीचं जाडजूड पुस्तक २००४ चं, मधली कितीतरी वर्षं त्या आजारी होत्या, फारसं घराबाहेर पडता येत नव्हतं, आणि मग हे अडीचशे पानांचं आलं, २०२१ चं विमेन्स प्राइझ घेऊन गेलं. लॉकडाऊनमध्ये वाचलेल्यांना ते जास्त लागलं असणार, मी नंतर वाचलं तरी लागलं. एकच बारीकशी खोट, शेवटाकडे वाईट माणसाचं वाईटपण जरा सोप्पं करून टाकलंय. पण नायकाचा आवाज इतका निर्मळ आहे ना की मी माफ केलं.

चायना मिएव्हिलचं 'द सिटी अँड द सिटी' (२००९) हे मात्र मी सगळ्यांना देत नाही. बेझेल आणि उल कोमा अशी दोन शहरं, दोन वेगळे देश, पण एकाच जागेवर, एकाच रस्त्यावर गुंतलेली. इकडच्या नागरिकाने तिकडची माणसं, तिकडच्या गाड्या, तिकडच्या इमारती बघायच्याच नाहीत, शेजारून गेल्या तरी, लहानपणापासून तसं वळण लावलेलं असतं, आणि चुकून बघितलं किंवा पाऊल टाकलं तर ब्रीच नावाची यंत्रणा येऊन उचलून नेते. एका शहरात एका तरुणीचं प्रेत सापडतं आणि इन्स्पेक्टर बोर्लूच्या लक्षात येतं की खून बहुधा दुसऱ्या शहरात झालाय. आता ज्याने मुंबईत सिग्नलला काच वर करून समोर बघत बसायचा अभ्यास केलाय त्याला हे पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. यात जादू अशी जवळजवळ काहीच नाही, सगळी सवयीची करामत आहे, तरी २०१० मध्ये विज्ञानकथा-फँटसीचं ह्यूगो पारितोषिक मिळालं (एका दुसऱ्या पुस्तकाबरोबर वाटून) आणि वर्ल्ड फँटसी अवॉर्डही. भाषा कोरडी आहे, पोलिस रिपोर्टसारखी, पहिली साठ-सत्तर पानं रेटावी लागतात. माझ्या नवऱ्याने चाळीसाव्या पानावर सोडलं आणि अजूनही म्हणतो की मी आवडल्याचं नाटक करते. आमच्यात हा विषय मिटलेला नाही.

आणि ज्यांना दोन्ही एकत्र, शुद्ध स्वरूपात पाहिजे, म्हणजे खराखुरा डिटेक्टिव्ह आणि खरीखुरी वेगळी दुनिया, त्यांनी डोळे मिटून रॉबर्ट जॅक्सन बेनेटचं 'द टेंटेड कप' (२०२४) घ्या. हे ते पोटातून झाड उगवणारं. एका बड्या घराण्याच्या हवेलीत एक सरकारी अधिकारी मेलेला सापडतो, त्याच्या शरीरातून झाड फुटून छत भेदून वर गेलेलं. पंचनाम्याला येतो दिन, पोरसवदा, नोकरीत नवा, त्याचं डोकं सरकारने असं बदललंय की एकदा बघितलेलं काही विसरतच नाही. तो सगळं बघून जातो आणि आपल्या बॉसला, अ‍ॅना डोलाब्राला, जसंच्या तसं सांगतो. ही बाई शक्यतो घराबाहेर पडत नाही, डोळ्यांवर पट्टी बांधून बसते कारण फार काही दिसलं की तिचं डोकं भणभणतं, शिव्या मस्त देते, खायचे चोचले विचित्र, आणि अर्ध्या तासात सांगते की त्या हवेलीत कोण खोटं बोललं.

जुन्या क्राइमवाल्यांच्या लक्षात आलंच असेल, ही रेक्स स्टाउटच्या नीरो वुल्फ (घरात बसून केस सोडवणारा) आणि आर्ची गुडविनची (त्याच्यासाठी बाहेर पळापळ करणारा) जोडी, फक्त नव्या कपड्यांत. पण मला आवडलं ते हे की या दुनियेतली झाडं, वेली, बुरशी, माणसांवर केलेले बदल, हे सगळं आपल्याला आधी दाखवलंय, कोणत्या गोष्टीने काय होतं ते पात्रांच्या बोलण्यात येऊन गेलंय, आणि खुनाची उकल त्यातूनच होते. वर आणखी समुद्रातून दर पावसाळ्यात डोंगराएवढे राक्षस येतात आणि सगळं साम्राज्य त्यांना अडवायच्या भिंतींची डागडुजी करण्यात जुंपलेलं आहे, म्हणजे इंजिनिअर आणि पीडब्ल्यूडी हेच हिरो, असली फँटसी कधी बघितलीय का? भिंतीच्या कामात पैसे कुणी खाल्ले हा प्रश्न ड्रॅगन मारण्यापेक्षा मोठा आहे तिथे. आपल्याला समजायला सोपं जाईल. २०२५ चा ह्यूगो यालाच मिळाला, पुढचा भाग 'अ ड्रॉप ऑफ करप्शन' पण आलाय. त्रास एकच, हुद्द्यांची आणि खात्यांची नावं सुरुवातीला डोक्यावरून जातात, जाऊ द्यात, पन्नास पानांनी आपोआप बसतात.

सँडरसनचं नाव वर घेतलं म्हणून त्याच्या 'मिस्टबॉर्न'बद्दल दोन ओळी. आकाशातून राख पडते, हजार वर्षं एकच सम्राट, आणि काही माणसं धातूचा कीस गिळून त्याची ताकद वापरतात, कथिलाने कान-डोळे तीक्ष्ण होतात, पोलादाने धातू ढकलता येतो, सगळं हिशोबात. दरोड्याची गोष्ट आहे ती खरं म्हणजे. प्रेमप्रकरण अगदी सपक, संवाद शाळकरी, पण पहिल्या भागाचा शेवट हिशोबाला पक्का आहे. आणि हसायचं असेल तर टेरी प्रॅचेटचं 'फीट ऑफ क्ले' (१९९६) घ्या, शहराच्या कारभाऱ्यावर कुणीतरी विषप्रयोग करतंय आणि पोलिसप्रमुख व्हाइम्सला क्लू या प्रकाराचाच मनापासून राग आहे.

इंग्रजीच सांगतेय म्हणून कुणी चिडण्याआधी मराठीकडे येते. बाबूराव अर्नाळकर (१९०६ ते १९९६) यांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, त्यांचे नायक म्हणजे झुंझार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू. घरातल्या जुन्या मंडळींना नाव सांगून बघा, चेहरा बदलतो. आज वाचताना कोडं म्हणून ती फार टिकत नाहीत हे खरंय, योगायोगांचा नुसता सुळसुळाट, नॉक्सबाबांच्या परीक्षेत साफ नापास, पण वेग बघा! एका पानात मोटार, पिस्तूल, वेषांतर आणि पाठलाग, आणि वाक्यं इतकी छोटी की ज्यांचं मराठी वाचन सुटलंय त्यांना परत गाडीवर आणायला याच्यासारखं औषध नाही. एकदम दहा आणू नका मात्र, दोन पुरे.

सुहास शिरवळकरांना लोक 'दुनियादारी'पुरते ओळखतात आणि मला याचं वाईट वाटतं. त्यांचे दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास, हे सगळे वेगवेगळ्या स्वभावाचे नायक आहेत. कोर्टातलं वाचायला आवडत असेल तर अमर विश्वासपासून सुरुवात करा.

नारायण धारप हा तर वेगळाच विषय. 'तुंबाड' पिक्चर आवडलेल्यांना सांगते, त्यातल्या आजीचं मूळ धारपांच्या कथेत आहे. धारपांनी स्टीफन किंगकडून बरंच घेतलं, 'लुचाई' म्हणजे 'सालेम्स लॉट' आणि 'शपथ' म्हणजे 'इट', हे आता सगळ्यांना माहितीये आणि त्यावरून त्यांना कमी लेखणारेही भेटतात. मी दोन्हीकडची वाचलीत, आणि माझं मत असं की किंगच्या पसाऱ्यातली चरबी धारपांनी काढून टाकलीय. धारपांचा गुण काय, तर अमानवी गोष्टीलाही ते कायदे लावतात. ती कधी येऊ शकते, कशाने अडते, तिला आत यायला काय लागतं, हे आधी ठरतं आणि मग माणसं त्या कायद्यातली फट शोधतात. म्हणून त्यांची भीती टिकते. त्यांच्या समर्थकथा (समर्थ हे त्यांचं एक पात्र) तर एका अर्थाने डिटेक्टिव्ह कथाच आहेत, केस येते, समर्थ बघतात, उपाय करतात, फक्त गुन्हेगार या जगातला नसतो.

याच्या पुढची पायरी चढायची असेल तर जी. ए. कुलकर्णींचं 'रमलखुणा' (१९७५), त्यात दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. खून नाही, तपास नाही, पण दूरचा प्रदेश, भाकितं, नियती, आणि प्रत्येक खूण पुढे कुठेतरी वसूल होते. दमवतात जीए, ट्रेनमध्ये वाचू नका. आणि आजच्यांपैकी हृषीकेश गुप्ते, 'दंशकाल' वाचा, पण ते मोठ्यांचं पुस्तक आहे, घरात शाळकरी मुलं असतील तर वरच्या फळीवर ठेवा.

मुलांसाठी माझं पहिलं नाव फेलूदा, सत्यजित राय यांचा डिटेक्टिव्ह. मराठीत अशोक जैन यांनी आणलाय, रोहन प्रकाशनाचा संच आहे. त्यातली वेरूळची गोष्ट आधी द्या, देवळातल्या मूर्ती चोरून विकणाऱ्या टोळीच्या मागे फेलूदा आणि त्याचे साथीदार तोपशे आणि जटायू थेट कैलास लेण्यात येतात. माझ्या भाचीने ती वाचली आणि मग वेरूळच्या सहलीत गाइडचं एक अक्षर न ऐकता चोर कुठे लपला असेल तेच शोधत फिरली. तिला हॅरी पॉटरही मी रहस्यकथा म्हणूनच दिलं होतं. तिसरा भाग बघा ना, कितीतरी गोष्टी डोळ्यांसमोर ठेवलेल्या असतात आणि आपण जादूकडे बघत बसतो. रोलिंगबाईंनी पुढे टोपणनावाने सरळ डिटेक्टिव्ह कादंबऱ्याच लिहायला घेतल्या यात मला काही आश्चर्य वाटलं नाही, फक्त त्यांचे अलीकडचे भाग हजार पानांच्या घरात गेलेत, कुणीतरी कात्री लावा हो.

एक गोष्ट खरेदीबद्दल. स्वस्तात मिळते म्हणून रहस्यकथेची पायरेटेड कॉपी घेऊ नका, बाकी नीतीचं राहू द्या बाजूला, मला ऑनलाइन एका विक्रेत्याकडून आलेल्या कॉपीत शेवटून दुसऱ्या फर्म्याच्या (एकत्र शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या) जागी पहिलाच फर्मा परत शिवला होता. म्हणजे डिटेक्टिव्हने सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं, घसा खाकरला आणि पान उलटलं तर प्रकरण एक, पावसाळी सकाळ. विक्रेत्याने पैसे परत दिले, खुनी नाही दिला. त्यापेक्षा लायब्ररी लावा, किंवा पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारा, मूळ आवृत्तीच घ्या आणि घेताना मागची पानं चाळून बघा, शेवट न वाचता!

एवढ्यातलं एकच घ्यायचं असेल तर रहस्यवाल्यांनी 'पिरानेसी' आणि फँटसीवाल्यांनी 'सस्पेक्ट एक्स' घ्या, मुद्दाम उलटं सांगतेय. आणि पुस्तकच नको, छोटं काहीतरी पाहिजे असेल तर दिवाळीला 'धनंजय' अंक येतो, त्यात रहस्य, गूढ, विज्ञान सगळं एकाच अंकात मिळतं, आमच्याकडे तो आधी कोण वाचणार यावरून फराळाच्या आधी भांडण होतं.